पहिली बंदूक : ‘तू कोण?’पासून ‘कशासाठी?’पर्यंत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वर्धा जिल्ह्याचं नाव निघालं की कुणालाही आधी सेवाग्राम आठवतं, मग पवनार. चरखा, प्रार्थना आणि मातीच्या भिंतींची बापूकुटी. पण याच जिल्ह्यात पुलगाव आहे आणि पुलगावला लष्कराचं मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे. देशातल्या सर्वांत मोठ्या भांडारांत त्याची गणना होते. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथे भीषण आग लागली आणि जवान व अग्निशमन दलाची माणसं कामी आली, तेव्हा दूरदूरच्या लोकांना हे ठाऊक झालं. अहिंसेचा आश्रम आणि दारूगोळ्याचं भांडार एकाच जिल्ह्यात, आणि आम्हा वर्धेकरांना त्यात काही विशेष वाटत नाही.

आज मला बोलायचं आहे ते लष्कराच्या शस्त्रांबद्दल नव्हे, तर साध्या नागरिकाच्या बंदुकीबद्दल. मी इतिहास शिकवणारा माणूस. तरी सेलूकडच्या एका तरुण शेतकऱ्यानं मला विचारलं, “गुरुजी, बंदूक घ्याची हाये. पयली कोनती घेऊ?” रानडुकरं आणि रोही रात्रीत शेताचा फडशा पाडतात, घर गावाबाहेर आहे आणि मुलाला टीव्हीवरची नेमबाजी पाहून रायफलचा नाद लागला आहे. एकाच बंदुकीत या तिन्ही गोष्टी त्याला हव्या होत्या. प्रश्न दुकानदाराला विचारावा असा वाटतो. पण आपल्या देशात पहिली बंदूक कोणती घ्यायची याचं निम्मं उत्तर दुकानात नाही, इतिहासात आहे. ते कसं, ते सांगतो.

१८५७ च्या जून महिन्यात नागपूरजवळ टाकळीला असलेल्या घोडदळाची शस्त्रं इंग्रजांनी काढून घेतली. वर्धा त्या वेळी नागपूरचाच भाग होता. तो वेगळा जिल्हा झाला १८६२ मध्ये. उठाव मोडल्यावर १८६० मध्ये हत्यारांचा कायदा झाला आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत त्याला पक्कं रूप आलं. देशी वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. वर्तमानपत्रांचा कायदा चारच वर्षांत रिपननं रद्द केला. हत्यारांचा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं चालू राहिला.

या कायद्यातली खरी बोच परवान्याची नव्हती. कुठल्याही राज्यात बंदुकीवर काहीतरी बंधन असणारच. बोच होती ती सवलतीत. युरोपियन माणसाला परवान्याची गरज नव्हती, आणि इथल्या माणसाला, मग तो गावचा मालगुजार असो की शाळेचा हेडमास्तर, ती होती. काही संस्थानिक आणि किताबवाले तेवढे सुटले. सरकारी टेबलावरचा पहिला प्रश्न होता, ‘तू कोण?’ बंदूक तुला कशासाठी हवी, हा प्रश्न नंतरचा. हा वंशभेद नियमांतून गेला तो पहिल्या महायुद्धानंतर.

म्हणूनच काँग्रेसनं अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांपासून, १८८७ पासून, या कायद्याविरुद्ध ठराव केले. हे ठराव करणारे वकील, डॉक्टर, संपादक होते. त्यांतल्या बहुतेकांना बंदूक हातात धरायचीही नव्हती. त्यांना सलत होता तो अविश्वास.

आता गांधीजींकडे येऊ. पुष्कळांना वाटतं, गांधीजींचा आणि बंदुकीच्या परवान्याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो आपल्याला गोंधळात टाकणारा आहे. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरती करताना काढलेल्या पत्रकात त्यांनी हत्यारांच्या कायद्यावर कडक टीका केली होती. आत्मकथेत त्यांनी त्याचा उल्लेख केला आहे. पुढे मिठाच्या सत्याग्रहाआधी, ३० जानेवारी १९३० च्या ‘यंग इंडिया’त, त्यांनी व्हाइसरॉय आयर्विनपुढे अकरा मागण्या ठेवल्या. दारूबंदी, शेतसाऱ्यात कपात, मिठावरचा कर रद्द करणं या मागण्या आपण शाळेत पाठ करतो. त्याच यादीत एक मागणी आहे की स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्यावेत आणि त्यावर नियंत्रण लोकांचं असावं. पुढच्या वर्षी कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावातही नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क आला.

दुसऱ्या बाजूला १९२७ ची नागपूरची घटना पाहा. मंचरशा आवारी, ज्यांना लोक ‘जनरल आवारी’ म्हणत, त्यांनी बंगालच्या राजबंद्यांच्या सुटकेसाठी हत्यारांचा कायदा उघड मोडला. तलवारी घेऊन लोक नागपूरच्या रस्त्यांवर उतरले. आवारी तुरुंगात गेले, तिथे त्यांनी दीर्घ उपोषण केलं. त्यांच्या धैर्याबद्दल शंका नाही. पण गांधीजींनी या सत्याग्रहाला मान्यता दिली नाही.

मग गांधीजी परवाना मागत होते की शस्त्र नाकारत होते? मला वाटतं, दोन्ही. ज्याला शस्त्र मिळूच शकत नाही त्याची अहिंसा ही लाचारी असू शकते. ज्याला ते मिळू शकतं आणि तरी जो ते घेत नाही, त्याची अहिंसा खरी. परवान्याची मागणी ही माणसावर विश्वास ठेवा अशी मागणी होती. १९३४ मध्ये ते वर्ध्याला आले, १९३६ मध्ये शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला गेले. परवाना मागणाऱ्या त्या माणसाच्या कुटीत शेवटपर्यंत बंदूक नव्हती.

बंदूक हाताशी असली की माणूस सुरक्षित होतो, या समजुतीची परीक्षा याच जिल्ह्यात एकदा झाली. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. आष्टीच्या पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला लोक निघाले. पोलिसांकडे बंदुका होत्या आणि त्यांनी गोळीबार केला. सत्याग्रही धारातीर्थी पडले. चिडलेल्या जमावानं मग पोलिसांनाही जिवंत सोडलं नाही. ठाण्यातल्या बंदुकांनी लोकांचे प्राण घेतले आणि त्या चालवणाऱ्यांचेही वाचले नाहीत. आष्टीच्या हुतात्म्यांना आपण वंदन करतो ते योग्यच आहे. त्यासोबत हेही ध्यानात ठेवावं, की संतापलेल्या गर्दीपुढे बंदूक संरक्षण करीलच असं नाही.

पुढे ३० जानेवारी १९४८. त्या अकरा मागण्या छापल्या गेल्या त्याला बरोबर अठरा वर्षं झाली होती. गांधीजींवर झाडलेलं बेरेटा पिस्तूल बिनपरवान्याचं होतं. त्याच वर्षी १ आणि २ डिसेंबरला घटना समितीत स्वातंत्र्याच्या हक्कांवर चर्चा झाली. आपल्या तेव्हाच्या मध्य प्रांतातून निवडून आलेले हरी विष्णू कामत यांनी सुचवलं की शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा. डॉ. आंबेडकरांनी त्याला विरोध केला. त्यांचा मुद्दा साधा होता. हा हक्क सरसकट दिला तर चोर-दरोडेखोरही तोच हक्क सांगतील. सूचना नामंजूर झाली. अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ पासून हा हक्क आहे, आपल्या घटनेत तो नाही, आणि हे विचार करून ठरलेलं आहे.

पण हक्क नाकारला म्हणून दार बंद झालं नाही. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. घराणं मूळचं रत्नागिरीकडचं, कर्मभूमी अहमदाबाद, गांधीजींच्या चळवळीत तुरुंगवास भोगलेला माणूस. गांधीजींचा अनुयायी रायफल संघटनेचा अध्यक्ष होतो, यात मला विसंगती दिसत नाही. नेमबाजी हा खेळ आहे, त्यात शिस्त आहे, आणि परक्या राज्यकर्त्यांनी हिरावून घेतलेली एक विद्या परत मिळवायची होती. त्यांच्या नावाची नेमबाजी स्पर्धा पुढे देशभरातल्या नवोदितांची पहिली पायरी ठरली.

मग आला १९५९ चा शस्त्र कायदा, जो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. या कायद्यानं प्रश्न बदलला. ‘तू कोण?’ हा प्रश्न अगदी गेला नाही. पोलीस चौकशी होते, गुन्हे पाहिले जातात. पण मुख्य प्रश्न झाला, ‘कशासाठी?’ आणि गंमत अशी की त्या प्रश्नाच्या उत्तरातच पहिली बंदूक ठरून जाते. कायद्याच्या तेराव्या कलमात ती जवळजवळ नावानिशी लिहिली आहे.

एक, संरक्षण किंवा शिकार-खेळासाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक. म्हणजे आपली नेहमीची बारा बोअर, एकनळी किंवा दुनळी. दोन, पिकांच्या राखणीसाठी बंदूक हवी असेल आणि अधिकाऱ्याला पुरेशी वाटली, तर ठासणीची बंदूक. तीन, मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट २२ ची रायफल किंवा हवेची रायफल. या तीन कारणांना कायदा सौम्य आहे. याखेरीज काही हवं असेल, पिस्तूल, रिव्हॉल्व्हर, मोठी रायफल, तर सबळ कारण आहे अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते.

ही विभागणी उगाच केलेली नाही. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू ओतायची, बोळा ठासायचा, छर्रे घालायचे, गजानं दाबायचं आणि मागे टोपी बसवायची. एक बार झाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. रानडुकराला पळवायला एक बार पुरतो. दरोडा घालायला तो पुरत नाही. तिचा संथपणा हाच राज्यकर्त्यांच्या दृष्टीनं तिचा गुण होता, असं मला वाटतं.

बारा बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतली एक जेवढ्या नळीत नेमकी बसेल तेवढी ती नळी. यातून छर्रे पसरत जातात, तीस-चाळीस मीटरनंतर त्यांचा जोर ओसरू लागतो. रायफलचं उलट आहे. तिच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. पॉइंट २२ ची इवलीशी गोळी हुकली तर एक किलोमीटरच्याही पलीकडे जाऊन पडू शकते. कापूस-तुरीच्या सपाट शिवारात, जिथे दोन धुऱ्यांपलीकडे दुसरा कुणी जागलीवर बसलेला असतो, तिथे ही गोष्ट लहान नाही. खेळाची रायफल खेळाच्या मैदानातच हवी, जिथे समोर मातीचा बांध असतो. राखणीची बंदूक म्हणून ती चुकीची.

आणि नेमबाजीचा सराव बारा बोअरच्या बंदुकीनं होणार नाही. पन्नास मीटरच्या रायफल स्पर्धेत निशाण्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ असतं जेमतेम साडेदहा मिलिमीटर व्यासाचं. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं याच अंतरावर, तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्याच्या हातातली रायफल होती पॉइंट २२ ची, म्हणजे १९५९ च्या कायद्यानं सरावासाठी नाव घेऊन सांगितलेली बोअर. त्याच्याआधी कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली तीही पन्नास मीटरच्या रायफलवर.

पण मुलाला नाद लागला म्हणून थेट रायफल घ्यायची नसते. खेळाची पहिली पायरी दहा मीटरची हवेची रायफल. तिचं दहा गुणांचं निशाण म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. साडेचार मिलिमीटर बोअरच्या आणि ठरावीक शक्तीच्या आतल्या हवेच्या बंदुकीला २०१६ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. मुलानं क्लबमध्ये जावं, तिथल्या बंदुकीवर वर्षभर श्वास धरायला आणि चाप दाबायला शिकावं. नाद टिकला तर पुढचं पाहता येईल. नाद टिकला नाही, तर घरात एक परवाना आणि एक बंदूक उगाच अडकून पडत नाही.

आता राखणीचं. सेलू तालुक्यातलं बोर १९७० मध्ये अभयारण्य झालं आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला आपल्या शस्त्राची वनखात्याकडे नोंद करावी लागते, आणि तिथे नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय मिळत नाही. म्हणजे रोह्यांचा आणि रानडुकरांचा जाच जिथे सर्वांत जास्त, तिथेच बंदूक मिळणं सर्वांत कठीण. शेतकऱ्याला हा अन्याय वाटतो आणि त्याची बाजू खोटी नाही. नुकसानभरपाई वेळेवर मिळाली आणि कुंपणाला मदत झाली, तर बंदुकीची मागणी पुष्कळ कमी होईल. शिवाय परवाना मिळाला म्हणजे जनावर मारण्याची मुभा मिळाली, असंही नाही. ती परवानगी वनखात्याची आणि वेगळी.

राहिलं स्वसंरक्षण. या शब्दासरशी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे रिव्हॉल्व्हर येतं. दिल्लीतल्या २०१२ च्या भयंकर घटनेनंतर कानपूरच्या सरकारी कारखान्यानं २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचं पॉइंट ३२ चं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं. किंमत लाखाच्या वर. ज्या बाईला रात्रीच्या एस.टी.साठी फाट्यावर उभं राहावं लागतं, तिला ते कसं परवडणार? आणि आखूड नळीच्या शस्त्रानं, घाबरलेल्या हातानं, अंधारात नेम साधणं किती अवघड असतं, हे ज्यांनी चांदमारीवर ते चालवलं आहे त्यांना विचारा. लष्कर-पोलिसांची काडतुसं ज्यात बसतात अशा पॉइंट ३०३ किंवा ९ मिलिमीटरच्या बोअर सामान्य नागरिकाला बंदच आहेत. चोरलेली सरकारी गोळी खासगी बंदुकीत जाऊ नये, हा त्यामागचा जुना हिशेब.

कायदाही हळूहळू घट्ट होत गेला आहे. १९८३ मध्ये एका माणसाला तीनच शस्त्रांची मर्यादा आली, २०१९ मध्ये ती दोनवर आली. वरातीत हवेत बार काढणाऱ्याला त्याच दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला. २०१६ च्या नियमांनी अर्जदाराला शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण सांगितलं. निवडणूक आली की अनेक परवानाधारकांना आपली बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. आणि गोळी झाडलीच, तर ती स्वसंरक्षणासाठी आणि धोक्याच्या प्रमाणात होती की नाही, याचा निवाडा कोर्टात होतो. पूर्वी भारतीय दंड संहितेनुसार होई, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेनुसार होतो.

एक गोष्ट बोलायला जड जाते, पण आपल्या जिल्ह्यात ती टाळून चालणार नाही. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांसाठी केंद्रानं विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. निराशेच्या घटकेला प्राणघातक वस्तू हाताशी असली की ती घटका टळत नाही. हाताशी नसली तर पुष्कळदा टळते, असं जगभरचे अभ्यास सांगतात. आपल्याकडे फवारणीचं औषध कुलपात ठेवा म्हणून सांगतात ते यासाठीच. ज्या घरात कर्जानं झोप उडाली आहे, दारू आहे किंवा भाऊबंदकी पेटली आहे, तिथे बंदूक बाहेरच्या चोरापेक्षा घरच्याच माणसाला आधी लागण्याची भीती असते. बंदूक एका कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या वेगळ्या, हा नियम पाळायचा. आणि तो पाळला तर मध्यरात्री दार वाजल्यावर ती बंदूक वेळेवर हातात येत नाही. हा पेच कुठल्याही बंदुकीनं सुटत नाही. दाराला भक्कम कडी, अंगणात दिवा, एक कुत्रं आणि हाक मारली तर धावून येईल असा शेजार यांचा विचार आधी करावा.

म्हणून पहिली बंदूक कोणती, या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे. खेळ हवा असेल तर क्लब आणि हवेची रायफल. शेताची राखण करायची असेल तर आधी कुंपण, भरपाईचा अर्ज आणि जागल; त्यानंतरही गरज उरली आणि परवाना मिळाला तर साधी लांब नळीची बंदूक. स्वसंरक्षण हवं असेल तर भीती नेमकी कुणाची आहे, ती एका ओळीत कागदावर लिहून पाहावी. ती ओळ लिहिता आली नाही तर अर्ज करू नये. आणि तिन्ही कामांना एकच बंदूक मागू नये, कारण तशी बंदूक नाही.

१८७८ च्या कायद्यानं आपल्या पणजोबांना ‘तू कोण?’ असं विचारून अपमान केला. तो अपमान पुसायला दोन पिढ्या लढल्या. त्यांनी मिळवलेला अधिकार हा प्रत्येकाच्या खुंटीवर बंदूक असावी म्हणून नव्हता, आपल्याला विश्वासानं ‘कशासाठी?’ असं विचारलं जावं म्हणून होता. कलेक्टर कचेरीतल्या अर्जावर हा रकाना आजही आहे. तो भरताना खरं लिहावं, आणि जमलं तर घरातल्या माणसांना वाचून दाखवून मगच सही करावी.